माघार

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, पंचायत समितीची असो की विधानसभेची असो, उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी दोन ते तीन या एका तासात गेवराईच्या तहसील कचेरीच्या आवारात जी धांदल उडते, ती ज्याने एकदा तरी उभे राहून पाहिली नाही, त्याला 'माघार' या तीन अक्षरी शब्दाचे वजन पुरतेपणी कळले आहे, असे मी म्हणणार नाही. अशाच एका दुपारी मी लिंबाच्या सावलीत उभा होतो. माझ्यापासून चार हातांवर एक मध्यमवयीन उमेदवार, दोन्ही अंगांनी दोन वडीलधाऱ्यांनी जणू कैचीत धरावा तसा, खाली मान घालून चपलेच्या टोकाने मातीत रेघा ओढीत होता. सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेल्या कागदाचे टोक बाहेर डोकावत होते, आणि कचेरीच्या दाराशी उभा असलेला शिपाई दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. "आप्पा, घ्या फारम वापस," एक म्हातारा म्हणत होता, "पुढच्या टायमाला तुम्हीच." त्यावर तो उमेदवार एवढेच म्हणाला, "माघार घेतली तर गावात तोंड कसं दाखवू?" आणि दुसऱ्या म्हाताऱ्याने, जो इतका वेळ नुसती तंबाखू मळीत बसला होता, त्याने मान वर न करता उत्तर दिले, "माघार कशाची? घरलाच तर चाललात."

त्या अर्ज-खिशातल्या आप्पांचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगेन. परंतु तंबाखू मळणाऱ्या त्या म्हाताऱ्याने जे उत्तर दिले, त्यात या शब्दाची दोन्ही अंगे अशी नेमकी उघडी पडली होती की, तेव्हापासून तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी कसा येतो हे टिपून ठेवण्याचा मला छंदच जडला. उमेदवाराच्या मनात 'माघार' म्हणजे पराभवाची पायरी होती, म्हाताऱ्याच्या मनात ती घराची वाट होती. माझा कौल, हे प्रथमच सांगून टाकतो, म्हाताऱ्याच्या बाजूने आहे.

शब्दाचे कूळ पाहिले तर तेही म्हाताऱ्याच्याच बाजूने साक्ष देते. संस्कृतातला 'मार्ग' प्राकृतात 'मग्ग' झाला आणि मराठीत येऊन 'माग' झाला. माग म्हणजे कोणी चालून गेल्यावर भुईवर उरलेली खूण, पावलांची वा चाकांची रेघ. चोरीचा माग काढणे, माग लागणे, मागावर असणे हे आपले नित्याचे प्रयोग त्याच अर्थाचे. चालणाऱ्याचा माग त्याच्या पाठीमागे पडतो, म्हणून 'मागे' म्हणजे पाठीकडे. आणि त्याच मागाने उलट फिरणे म्हणजे माघारी जाणे. जुन्या मराठीत 'मागुता', 'मागौता', 'माघौता' अशी रूपे आढळतात आणि त्यांचा अर्थ 'परत', 'पुन्हा' असाच आहे. त्यांत कोठेही लाज नाही, पराभव नाही. गंमत अशी की 'मागणे' हे क्रियापदही त्याच घराण्यातले आहे, कारण 'मार्गण' म्हणजे शोध, आणि जो मागतो तो मुळात शोधतच असतो. तेव्हा एखाद्या संघटनेने आपली मागणी मागे घेतली, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्या वेळी एकाच आजोबांची दोन नातवंडे एकमेकांच्या गळ्यात पडलेली असतात, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

याच धातूची कालाच्या बाबतीतली लीला तर विलक्षणच आहे. 'मागे एकदा मी पैठणला गेलो होतो' म्हटले की तो काळ होऊन गेलेला असतो. 'तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो' म्हटले की तो काळ अजून यायचा असतो. भूतकाळही मागे आणि जो उशिरा येणार तोही मागाहूनच! वाटेवरच्या माणसाच्या नजरेने पाहिले म्हणजे यात विसंगती राहत नाही, कारण आपण तुडवलेली वाट पाठीशी पडते आणि आपल्या मागून चालणारा आपल्यानंतर पोचतो. मराठी माणसाने काळाचा हिशेब घड्याळाने करण्याआधी पायवाटेने केला होता, याचा हा पुरावा मी मानतो. 'माघार' या शब्दाची 'मागे' आणि 'घर' अशी फोड करून कोणी दाखवली, तर व्युत्पत्ती म्हणून ती मी स्वीकारणार नाही. पण अर्थ म्हणून तिला नाकारणेही मला जड जाईल.

आता प्रत्यक्ष व्यवहारात हा शब्द चालतो कसा, ते पाहू. 'माघार घेणे' आणि 'मागे घेणे' हे दोन प्रयोग एकच आहेत, असे शाळेतल्या निबंधांत धरून चालतात. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. 'मागे घेणे' याला कर्म लागते: अर्ज मागे घेतला, संप मागे घेतला, शब्द मागे घेतला, फिर्याद मागे घेतली. येथे माणूस आपल्या ठिकाणी उभाच असतो, फक्त त्याने पुढे केलेली वस्तू तो आपल्याकडे ओढून घेतो. 'माघार घेणे' याला मात्र असे कर्म लागत नाही. तेथे माणूस स्वतःच मागे सरतो. म्हणून वृत्तपत्रात 'अमक्याने अर्ज मागे घेतला' असे छापले तर ती कार्यालयीन नोंद वाटते आणि 'अमक्याची माघार' असे छापले तर ती त्याच्या छातीवर लावलेली चिठ्ठी वाटते. 'परत घेणे' तिसरेच, कारण ते दिलेल्या वस्तूसंबंधी आहे. आणि 'काढून घेणे' चौथे, ज्यात थोडी बळजोरी असू शकते. बँकेतून तर आपण पैसे मागेही घेत नाही आणि परतही घेत नाही. नुसते 'काढतो', जणू ते विहिरीत ठेवले होते, आणि त्यासाठी जी पावती भरावी लागते तिला गेवराईच्या बाजारात सगळेच 'विड्रॉल' म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत हाच 'विड्रॉल' शब्द तहसिलीच्या आवारातही ऐकू येतो आणि क्षणभर वाटते की, हे सारे लोक पैसे काढायला आले आहेत. तसे ते कधीकधी आलेलेही असतात, अशी कुजबूज असते. पण तो विषय वेगळा.

मराठवाड्याच्या बोलीत याशिवाय एक शब्द घरोघर नांदतो, तो 'वापस'. पुण्याकडचा माणूस 'परत ये' म्हणेल तेथे बीड-जालन्याकडचा माणूस सहज 'वापस ये' म्हणतो. आणि पुणेकराने त्यावर भुवई उंचावली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही, कारण हा फारसी पाहुणा निजामी राजवटीत दप्तरातून उतरून चुलीपर्यंत येऊन बसला आहे आणि आता त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. याच वाटेने आलेल्या दुसऱ्या एका शब्दाची हकीकत तर मोठी मौजेची आहे. अरबीत 'रुजू' म्हणजे परतणे, एखाद्याकडे वळणे. आपल्या कचेऱ्यांनी तो शब्द घेतला आणि त्याला कामावर लावले. आता नवा तलाठी सज्जावर येतो तेव्हा तो 'रुजू' होतो. मूळ धनी ज्या शब्दाने माघारी वळत असे, त्याच शब्दाने आमचा नोकरदार पुढे पाऊल टाकतो! 'राजीनामा' हाही असाच. मुळात ती नुसती खुशीची लेखी कबुली. जुन्या महसुली व्यवहारात रयत आपली जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. आज राजीनामा देणारा 'राजी' कितपत असतो, हे ज्याचे त्याला माहीत.

परतण्याचे हे साधे शब्द एका बाजूला, आणि लाजेचे शब्द दुसऱ्या बाजूला. कच खाणे, शेपूट घालणे, पाठ दाखवणे, काढता पाय घेणे, हातपाय गाळणे: मराठीला मागे सरणाऱ्याची हेटाळणी करायची असली म्हणजे तिच्यापाशी शब्दांची उणीव नाही. यांतले बहुतेक शब्द शरीराच्या एखाद्या अवयवाला धरून आलेले आहेत, ज्यांना नाही त्यांना शेपूटही चिकटवले आहे. 'माघार' या शब्दात तसा अवयव नाही. तिच्यात फक्त वाट आहे. ज्या माणसाने विचार करून, वाट पाहून, पाऊल मागे घेतले, त्याच्यासाठी हा शब्द भाषेने राखून ठेवला होता, आणि आपण तो कच खाण्याच्या पंक्तीला नेऊन बसवला, हे मला अन्यायाचे वाटते.

विचारपूर्वक घेतलेल्या माघारीचे चित्र ज्यांना डोळ्यांपुढे आणायचे असेल त्यांनी मोट आठवावी. विहिरीवर पंप येण्यापूर्वी गोदाकाठच्या काळ्या रानात पाणी मोटेनेच निघे. चामड्याची मोट, तिला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर. बैल उताराच्या धावेवरून खाली चालू लागले की नाडा ताणला जाई, चाक करकरे, मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात ओतले जाऊन पाटाला लागे. मोटकरी त्या वेळी नाड्यावर बसून मोकळ्या आवाजात गाणे म्हणे. पण पाणी पडले की निम्मेच काम झालेले असे. मोट पुन्हा विहिरीत उतरवायची तर बैलांनी तीच धाव उलट्या पावलांनी चढून विहिरीच्या काठापर्यंत यायला हवे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, पुढे ओढणाऱ्या बैलापेक्षा मागे चढणारा बैल पाहण्यासारखा असे: डोळ्यांनी न दिसणारा चढ, मागचा पाय आधी चाचपून टाकायचा, मान किंचित वर, आणि मोटकऱ्याचा हात कासऱ्यावर अगदी हलका. नवशिका बैल येथे बिचके, आडवा होई, प्रसंगी धाव सोडून बाजूच्या रानात घुसे. पुढे ओढायला बैल चार दिवसांत शिके. माघारी चढायला शिकवण्यात मोटकऱ्याचा खरा कस लागे. आणि दिवसभरात बैल जेवढा पुढे गेला तेवढाच मागे आलेला असे, तरी संध्याकाळी वाफे भिजलेले असत.

माघारीची दुसरी बाजू, म्हणजे माघार घ्यायला वाटच उरली नाही म्हणजे काय होते, हे पाहायलाही गेवराई तालुक्याबाहेर जावे लागत नाही. गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नावाचे गाव आहे. आज लोक तेथे शनीच्या दर्शनाला जातात, गंगेत स्नान करतात (गोदेला इकडे कोणी गोदा म्हणत नाही, गंगाच म्हणतात) आणि माघारी फिरतात. 10 ऑगस्ट 1763 या दिवशी याच काठावर निजामअली आणि पेशवे यांच्या फौजांची गाठ पडली. त्याआधीचे वृत्त थोडक्यात असे. पानिपतच्या पराभवाला अडीच वर्षे झाली होती. त्या पानिपतातही मराठ्यांची खरी कोंडी झाली ती, अब्दाली यमुना ओलांडून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला आणि परतीची वाट तुटली, तेव्हाच. ते दुःख ताजे असतानाच, पेशव्यांच्या घरातली काका-पुतण्यांची फूट ओळखून, नागपूरकर जानोजी भोसल्यांसारखे सरदार आपल्या बाजूला वळवून, निजामअलीने 1763 च्या उन्हाळ्यात थेट पुण्यावर चाल केली.

पेशव्यांनी तेव्हा काय केले? ते समोरासमोरची लढाई देत बसले नाहीत. अठरा वर्षांचे माधवराव आणि त्यांचे काका रघुनाथराव मोगलाईच्या मुलखात शिरून खंडण्या वसूल करीत फिरले, आणि इकडे पुणे लुटले गेले, जाळले गेले. त्या काळी पुण्यातून जीव घेऊन सिंहगडाकडे, कोकणाकडे पळालेल्या लोकांनी या धोरणाला कोणते नाव दिले असेल याची कल्पना करता येते. परंतु फौज शाबूत राहिली, जानोजी पुन्हा पेशव्यांकडे वळवला गेला, आणि पावसाळ्याच्या तोंडी निजामअली औरंगाबादेकडे परतू लागला तेव्हा पारडे फिरले होते. आता माघार त्याची होती. आणि ती करायची तर वाटेत भरलेली गंगा होती.

निजामअली स्वतः फौजेचा एक भाग घेऊन पलीकडच्या तीरावर उतरला. अलीकडच्या काठावर, म्हणजे आपल्या राक्षसभुवनाच्या बाजूला, उरलेली फौज आणि बुणगे घेऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर राहिला. राजा प्रतापवंत हा किताब मिरवणारा हा दिवाण मराठी ब्राह्मण होता, पराक्रमी होता आणि त्या वर्षीच्या साऱ्या डावपेचांचा सूत्रधारही तोच मानला जात होता. मराठ्यांनी नेमकी हीच घडी साधली. लढाई सोपी झाली नाही. एका क्षणी रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले आणि माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडवले, ही गोष्ट पुढे त्या काका-पुतण्यांचे जे झाले ते आठवले म्हणजे मनाला चटका लावते. पण दिवाणाच्या पाठीशी नदी होती. पुढे पेशवे, मागे पूर. ज्या मागाने यायचे तो मागच पाण्याखाली. विठ्ठल सुंदर त्या दिवशी तेथेच मारला गेला आणि नदीपलीकडच्या त्याच्या धन्याला त्याच्या मदतीला येता आले नाही. निजामअली औरंगाबादेस पोचला, आणि पुढच्याच महिन्यात तेथे तह होऊन त्याला पूर्वी मिळवलेला मुलूख आणि त्यावर आणखी काही मुलूख पेशव्यांच्या पदरात टाकावा लागला.

मी पावसाळ्यात राक्षसभुवनच्या घाटावर उभा राहतो तेव्हा मला पेशव्यांच्या विजयापेक्षा त्या दिवाणाची पाठ आठवते. पैठणचे जायकवाडी धरण झाल्यापासून गंगा आता पूर्वीसारखी स्वैर राहिलेली नाही. वरून पाणी सोडले की ती भरते आणि नाहीतर वाळू दाखवते. पण भरली म्हणजे पलीकडचा काठ किती दूर वाटतो, हे तेथे उभे राहूनच कळते. पुण्याला वाऱ्यावर सोडून मोगलाईत शिरलेल्या पेशव्यांपाशी वाट होती, म्हणून त्यांची माघार माघार राहिली; विठ्ठल सुंदरपाशी ती नव्हती. त्याहून शंभर वर्षांपूर्वी, जून 1665 मध्ये, पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मिर्झाराजांच्या स्वाधीन केले आणि 12 स्वतःकडे ठेवले, तेव्हा त्या बारा किल्ल्यांत त्यांनी परतीची वाटच राखून ठेवली होती. कोंढाणा 1670 च्या फेब्रुवारीत परत आला, आणि त्या तहाला कोणी कच खाणे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कायद्यानेही ही वाट राखण्याचा आणि ती बंद करण्याचा विचार बारकाईने केला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेविसाव्या आदेशान्वये वादीला आपला दावा केव्हाही काढून घेता येतो. मात्र नव्याने दावा लावण्याची मुभा न्यायालयाकडून मागून न घेता त्याने तो काढून घेतला, तर त्याच कारणावरून पुन्हा दरवाजा ठोठावता येत नाही. म्हणजे एक माघार वाट उघडी ठेवून, आणि एक माघार वाट पुसून. बांधाच्या भांडणात भावकीच्या दडपणाखाली दावा 'काढून टाका' म्हणून वकिलाला सांगणारे पक्षकार हा फरक विचारत नाहीत आणि पुढे पस्तावतात. निवडणुकीचा कायदा तर अधिक कठोर आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत लेखी सूचना देऊन उमेदवारी मागे घेता येते. पण एकदा ती सूचना दिली की, ती सूचना मागे घेण्याची सवलत कायद्याने ठेवलेली नाही. माघारीला माघार नाही! शिपाई दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे का पाहत होता, याचा उलगडा येथे होतो.

गेवराईवर ज्याची सत्ता होती त्या हैदराबादच्या निजामानेही एक फिर्याद मागे घेतली होती, आणि ती साध्यासुध्या कोर्टातली नव्हती. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबाद सरकारने भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेली. 13 सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, 17 तारखेला संस्थान शरण आले, आणि 22 तारखेला निजामाने तार करून ती तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. पण कागदाची गंमत अशी की, तक्रारदाराने हात आखडता घेतला तरी तो विषय समितीच्या यादीत पुढे कित्येक दशके तसाच नोंदलेला राहिला. आमच्या तहसिलीतले दप्तर हळू चालते अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. निजामी हाली नाणेही त्यानंतर काही वर्षांत चलनातून काढून घेतले गेले. 'कलदार' आणि 'हाली' असा भेद करून रुपये मोजणारी माणसे आता घरोघरच्या आठवणींतच उरली आहेत.

हे सारे मोठ्यांचे झाले. या तालुक्यातल्या सामान्य माणसाचा 'माघारी' शब्द ऐकायचा असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास वस्तीवर जावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, चुलीची भांडी, पाण्याचे डबे, एखादी शेळी आणि तिच्याशेजारी लहानगी पोरे बसवून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोणी सोलापूर-साताऱ्याला, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार! मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, आणि ती बहुधा निघण्याआधीच लग्नात, दवाखान्यात वा जुन्या देण्यात संपलेली असते. निवडणुकीतला उमेदवार तीन वाजेपर्यंत मागे सरू शकतो, वादी दावा काढून घेऊ शकतो, निजामालाही तार करता आली. उचल घेतलेल्या कोयत्याला मात्र उचल फिटेपर्यंत मागे सरता येत नाही. बाई आजारी पडली तरी फडावर उभे राहावे लागते. विठ्ठल सुंदरची नदी भरली होती, यांची उचल भरलेली असते. वस्तीवर मागे राहिलेली म्हातारी ट्रॉलीच्या कडेला हात धरून विचारते, "माघारी कवा?" आणि उत्तर ठरलेले असते, "पट्टा पडला की." कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, मार्च उजाडतो, कधी एप्रिल.

त्या म्हातारीच्या तोंडी 'माघारी'चा आणखी एक अर्थ असतो. "ह्यांच्या माघारी मी एकटीनं लेकरं वाढवली," असे ती सांगते तेव्हा नवरा ऊसतोडीला गेलेला नसतो, तो गेलेलाच असतो. गैरहजेरीत बोलणे ते 'माघारी बोलणे', आणि मृत्यूनंतरचे सारे आयुष्य तेही 'त्यांच्या माघारी'. मरणाऱ्याने वाट पुढे चालू ठेवली आहे आणि आपण त्याच्या मागे राहिलो आहोत, अशी ही मांडणी. 'निधनानंतर' या आपल्या छापील शब्दात ती कोठून येणार? आणि याच मुळाचा एक शब्द असा की, त्याच्यावर माझा विशेष लोभ आहे: 'माघारीण'. सासरी दिलेली लेक सणाला, जत्रेला माहेरी आली की ती माघारीण; तिला आणायला जाणारा भाऊ मुऱ्हाळी. माघारणींना साडीचोळी केल्याशिवाय पाठवायचे नाही, असा जुन्या घरांचा दंडक. ज्या भाषेने मागे फिरलेल्या पुरुषाला शेपूट चिकटवले, त्याच भाषेने मागे फिरलेल्या लेकीची ओटी भरली.

पावसालाही आपण हाच शब्द लावतो. हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणे मोसमी पाऊस राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला परत फिरू लागतो आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देश सोडतो. वर्तमानपत्रे 'मान्सूनची माघार' असा मथळा देतात. शेतकरी त्याला 'परतीचा पाऊस' म्हणतो. गेवराईच्या काळ्या जमिनीत हा परतीचा पाऊस वेळेवर पडला तर रब्बीच्या ज्वारीला ओल मिळते, आणि बेताल पडला तर बोंडातून फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडतो. जाताना देऊन गेला किंवा घेऊन गेला, हे दिवाळीला कळते.

राहता राहिले लिंबाखालचे आप्पा. तीनला सात मिनिटे उरली असताना ते आत गेले, सही करून बाहेर आले, आणि कोणाशी न बोलता मोटारसायकलला किक मारून गावच्या रस्त्याला लागले. तंबाखूवाला म्हातारा मागे बसला होता. गाव बिनविरोध झाले, पुढच्या खेपेला आप्पा उभे राहिले की नाही ते मी पाहिले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून 'माघारीण' म्हणणारी, 'माघारी कवा' विचारणारी माणसे आहेत, त्यांनी त्यांच्या तोंडचे हे शब्द, गाव आणि प्रसंग यांसह, वहीच्या एका पानावर उतरून ठेवावेत. त्यांच्या माघारी ते विचारायला कोणी उरणार नाही.